क्रँककेसच्या सांध्यातली तेलगळती थांबली: माझा अनुभव

गाडी १९६६ ची ब्रिटिश ६५० ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची ६५० सीसी मोटरसायकल. तिचा क्रँककेस (इंजिनाचा खालचा धातूचा डबा, ज्यात क्रँक फिरतो) दोन अर्धे जोडून बनतो. रात्रभर उभी केली की सकाळी क्रँककेसच्या उभ्या सांध्याखाली तेलाचा डाग. या सांध्यात मुळातच गॅस्केट (गळती रोखणारी मधली पट्टी) नसतं, धातूवर धातू बसतो. बोल्ट आवळले, दोनदा सिलिकॉन लावलं. महिन्याभरात गळती परत. फार वैताग आला. वर जास्तीच्या सिलिकॉनचे तुकडे तेलाच्या जाळीत सापडले, हे गळतीपेक्षा धोक्याचं.

शेवटी इंजिन उघडलं. आधी ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ केला. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि कुठलाही सांधा गळतो. जुना मसाला थिनरने काढला (खरवडू नका). जाड काचेवर मार्किंग ब्लू (उंच जागी लागून ती दाखवणारा निळा रंग) लावून कडा घासून पाहिल्या. दोन उंचवटे दिसले, पूर्वी कुणीतरी पेचकस घालून उचकटल्याचे. ते ऑइलस्टोनने (धार लावायच्या बारीक दगडाने) उतरवले. दोन्ही कडांवर हायलोमारचा (न कडक होणाऱ्या सीलंटचा) पातळ थर दिला, दहा मिनिटं थांबून अर्धे जोडले. सिलिंडर बसतो तिथे बोट फिरवून पाहिलं: दोन्ही अर्धे एका पातळीत हवेतच, नाहीतर तिथून गळेल. मग नट मधल्यापासून बाहेरच्याकडे जात, तीन टप्प्यांत आवळले. दर टप्प्याला क्रँक हाताने मोकळा फिरतो ना, तपासलं.

८०० किलोमीटर झाले, सांधा कोरडा आहे.