दिव्याच्या अवसेला उतरणारे तुतवार

पाहुणे पक्षी दिवाळीनंतर येतात असं धरून दुर्बीण कपाटात ठेवली, की पहिली खेप हमखास हुकते. दिव्याच्या अवसेच्या आसपास, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, बडोद्याच्या पाणथळींवर तुतवार (चिखलात किडे वेचणारे सँडपायपर पक्षी) उतरायला लागलेले असतात. हिरव्या तुतवाराची मादी बहुतेकदा पिल्लं उडायच्या आधीच ती नराच्या हवाली करून उत्तरेतल्या विणीच्या जागेवरून निघते, म्हणून हा पक्षी सगळ्यांच्या आधी हजर.

मही नदी दुथडी वाहत असेल तर बडोद्याजवळच्या सिंधरोटला तिच्या पात्राकडे टक लावून बसू नका. काठाला चिखलच उरलेला नसतो, पक्षी बसणार कुठे? अशा वेळी शेजारची डबकी, भातखाचरं आणि गावचे नाले बघा. हिरव्या तुतवाराला फूटभर रुंदीचा घाण नालाही चालतो आणि तिथे तो बहुधा एकटाच असतो. पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले आणि पाणी ओसरलं, की नदीकाठी ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. नदीवर जायचं ते त्या दिवशी.

सूर्योदयानंतरचे दोन तास खरे कामाचे. बडोद्याकडचा काठ पूर्वेला असल्याने सकाळी ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी तेच डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. उघाडीच्या दिवशी नऊनंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते. मग स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) 60 पटीवर नेला तर थरथरच मोठी होते. 20-25 पटीवर ठेवा, नाहीतर सरळ 8×42 ची (8 पटींची) दुर्बीण घेऊन जवळ जा. एसी गाडीतून उतरताच दुर्बीण काढली तर काचांवर वाफ धरते. पुसत बसू नका. पोहोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून पिशवी उघडी ठेवा. घरी आल्यावर दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात, नाहीतर या दमट हवेत काचेवर बुरशी ठरलेली.

आता ओळख. सगळ्यांत जास्त गल्लत हिरवा आणि ठिपकेवाला तुतवार यांच्यात होते, आणि त्याला कारण आहे. या दिवसांत येतात ती प्रौढ पाखरं. त्यांची पिसं विणीच्या हंगामात झिजलेली असतात. ठिपकेवाल्याच्या पाठीवरचे फिकट ठिपके घासून गेले की तोही एकरंगी, काळसर दिसतो. पिवळसर पायांवर विसंबावं, तर पाय चिखलाने माखलेले. म्हणून आधी भुवई बघा: ठिपकेवाल्याची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते, हिरव्याची डोळ्यापुढेच संपते. मग तो उडायची वाट बघा. हिरव्याच्या पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी आणि कंबर (शेपटीच्या वरचा भाग) लख्ख पांढरी, त्यामुळे उडताना तो मोठ्या पाकोळीसारखा वाटतो. ठिपकेवाल्याचे पंख खालून फिके असतात. आवाजही नोंदवा. हिरवा ‘ट्लुईट-वीट-वीट’ अशी खणखणीत शीळ घालतो, ठिपकेवाला ‘चिफ-चिफ-चिफ’ करत घाईने वर चढतो. तिसरा सामान्य तुतवार त्या मानाने सोपा: शेपूट सतत वरखाली, छातीच्या बाजूला खांद्यापुढे चढलेला पांढरा कोन, आणि ताठ पंख थरथरवत पाण्याला लागून उडणं.

शेकाट्या, टिटवी आणि कंठेरी चिखल्या हे काठावरचे पक्षी दिसले म्हणून स्थलांतर सुरू झालं असं लिहू नका. ते इथे बारमाही असतात. टिटवीशी तर जपूनच वागा. तिने एकदा आरडाओरडा केला की अख्खा काठ मोकळा होतो. तसं झालं तर पुढे सरकू नका, खाली बसा आणि दहा मिनिटं हलू नका. तुतवार पुष्कळदा त्याच चिखलावर परततात.

बडोदा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठाला मात्र उतरायचंच नाही. मगरीची पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात आणि आई जवळच राखण करत असते. कालाघोड्याच्या पुलावरून बघा, तेवढं पुरे. महीवर धोका वेगळा: बडोद्यात थेंब नसला तरी वर कडाणा धरणातून पाणी सुटलं की पात्र फुगतं. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे बघा. चार बोटं पाणी चढलं की वाळूच्या बेटावरून ताबडतोब मागे फिरा. प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पुडी हवीच. ढगाळ दमटपणात घाम वाळत नाही, आणि चक्कर येईपर्यंत माणसाला कळत नाही.

नोंद करताना वेळ, संख्या आणि ‘काठ उघडा की बुडालेला’ हे तिन्ही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करता येणार नाही. ठामपणे ओळख पटली नसेल तर नुसतं ‘तुतवार’ लिहावं. ओढूनताणून जात लावण्यापेक्षा ते बरं. ऑगस्टअखेर त्या वर्षीची पिल्लं पोहोचू लागतात. त्यांची पिसं कोरी, ठिपके ठसठशीत असतात, तेव्हा पाठीकडे बघून ओळखायला हरकत नाही.