नेट बंद पडलं की आधी डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या

मागच्या पावसाळ्यात मानेवाड्यात आमच्या गल्लीत नालीसाठी खोदलं अन् नेट पाच दिवस गायब, फोन केला की "काम चालू आहे सर" एवढंच, पोराची ऑनलाईन परीक्षा बुडाली, लय राग आला. म्हणून सांगतो.

आधी फायबरच्या डब्यावर एलओएसचा (म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल लाईट लागला का पाहा, लागला असन तर बहुतेक केबलच तुटली, उगाच रिस्टार्ट करत बसू नका. लगेच तक्रार करा अन् डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवूच नका, तारखेसकट वहीत लिहा. दुरुस्ती तीन दिवसांच्या वर लांबली तर ट्रायच्या (फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानं भाड्यात सूट मिळते, बिलात दिसली नाही तर हक्कानं मागा. तरी ऐकत नसतील तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, पैसे लागत नाहीत. ग्राहक हेल्पलाईन १९१५ पण आहे.