मीटिंग चालू असताना शाळेतून आलेलं मूल घरात कसं घ्यावं

मूल साधारण दुसरी-तिसरीतलं किंवा त्याहून मोठं, बसने किंवा व्हॅनने सोसायटीच्या गेटपर्यंत येणारं, आणि त्या वेळी घरात एकच मोठं माणूस, तेही लॅपटॉपसमोर बसलेलं, असं धरून हे लिहितोय. बालवाडीतल्या मुलाला यातलं काही लागू नाही. त्याला गेटवरून हाताला धरूनच आणायचं आणि तेवढ्या वेळात मीटिंग ठेवायचीच नाही. आमच्याकडे बायको रोज ऑफिसला जाते, त्यामुळे दुपारची ड्युटी माझी. थोरल्याच्या वेळी केली, आता धाकटीच्या वेळी करतोय.

या विषयावर सल्ले भरपूर मिळतात. 'मुलांना विश्वासात घेऊन समजावून सांगा.' 'खोलीच्या दारावर लाल-हिरवी पाटी लावा.' लाल पाटी वाचून माघारी फिरणारं तिसरीतलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. त्याला शू लागलेली असते.

१. आधी कॅलेंडर

बस तीन दहाला येत असेल तर तीन ते साडेतीन हा अर्धा तास रोज अडवून ठेवा आणि त्यावर सरळ 'मुलीची शाळा सुटते' असं लिहा. 'फोकस टाइम' वगैरे लिहिलंत की त्यावर कोणीही खुशाल मीटिंग टाकतं. शाळा लिहिलेली असली की जरा लाजतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. टीम इंग्लंडमध्ये असेल तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास सरकतात. आपली शाळा सरकत नाही. लंडनचा सकाळी साडेनऊचा कॉल जूनमध्ये आपल्याकडे दुपारी दोनला असतो आणि बस यायच्या आत उरकतो. तोच कॉल नोव्हेंबरमध्ये बरोबर तीनला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे, असं २०२४-२५ पासून राज्य सरकारने ठरवलं तेव्हापासून बऱ्याच घरांत लहान मुलांची परतायची वेळ नेमकी या कॉलच्या तोंडावर आली आहे. म्हणून दिवाळीच्या आसपास एकदा कॅलेंडर उघडून बघायचंच.

२. गेट ते लिफ्ट

बसच्या मावशींना आधीच्या स्टॉपवरून एक मिस्ड कॉल द्यायला सांगा. बसचं ॲप 'पाच मिनिटांवर' म्हणतं आणि पाच मिनिटं सिग्नललाच जातात. मावशींचा अंदाज सहसा चुकत नाही.

३. दार

आपल्या फ्लॅटला बहुतेक दोन दारं असतात. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार, त्याला नाइट लॅच. बस यायच्या वेळेआधी सेफ्टी डोअरची आतली कडी काढून ठेवा. लॅचचा छोटा खटकाही बघा. तो आतून लावलेला असेल तर बहुतेक लॅच बाहेरून किल्लीने उघडत नाहीत, मग शेजारी ठेवलेली जादा किल्ली काय कामाची?

कानात आवाज बंद करणारे हेडफोन असतील तर बेल ऐकूच येत नाही. पोर बाहेर बेल वाजवतंय आणि आपण आत 'येस, अग्रीड' म्हणतोय. तीन वाजले की एक कान मोकळा ठेवा. शिवाय बेल विजेवर चालते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की बेल गेली, कित्येक घरांत ती इन्व्हर्टरवर घेतलेलीच नसते. बेल वाजली नाही तर सेफ्टी डोअर खडखडवायचं, हे मुलाला दाखवून ठेवा. सांगून पुरत नाही, आपली मुलं सभ्य असतात. ती दोनदा बोट दाबतात आणि उभी राहतात.

डिजिटल कुलूप असेल तर मुलाच्या बोटाच्या ठशावर विसंबू नका. पावसाने ओलं, घामेजलेलं, रंगाने माखलेलं बोट ते कुलूप ओळखत नाही. मुलाला वेगळा पिन द्या, आणि तो वाढदिवसाचा नको. आतून हाताने लावायचा बोल्ट असेल तर तो लावलेला असताना पिनही चालत नाही. कुलूप बॅटरी संपत आल्याचं पिपाणीसारखं ओरडून सांगतं, तेव्हा सेल त्याच दिवशी बदला.

मुलाला घ्यायला लिफ्टपर्यंत जायचं असेल तर चपला घालायच्या आधी किल्ली खिशात टाका. आषाढातला वारा लॅचचं दार एका फटक्यात लावतो. फोन आत, चालू कॉल आत, आणि बाप-लेक बाहेर.

मूल एकदा आत आलं की त्यानंतर दार त्याने उघडायचं नाही. कुरिअर असो, दूधवाला असो, ओळखीचे काका असोत.

४. घरी दोघंही असतील तर

हा सगळ्यात धोक्याचा दिवस. 'ती उघडेल', 'तो उघडेल', आणि दोघांच्या कानात हेडफोन. कोणाची पाळी ते रविवारी रात्री ठरवून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर नाव लिहून टाका.

५. खरी अडचण: दार उघडल्यानंतरची पंधरा मिनिटं

इथवरचं सगळं किल्ली, कडी आणि मिस्ड कॉलने सुटतं. हे सुटत नाही. थोरल्याच्या वेळी मी सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच.

मूल सहा तास 'गप्प बसा' ऐकून आलेलं असतं. बसमध्ये कोणी कोणाची जागा घेतली, बाई कोणाला बोलल्या, डब्यातली बटाट्याची भाजी कोणी मागून खाल्ली, हे सगळं त्याला दारातच सांगायचं असतं, एक बूट पायात नि एक हातात धरून. आपण तोंडावर बोट ठेवतो. ते आत जातं आणि चार मिनिटांनी परत येतं. 'बाबा, फक्त एकच सांगू?' मग पुन्हा. हे साडेचारपर्यंत चालतं आणि शेवटी आपण ओरडतो.

लोक याला हट्ट म्हणतात, मला ते पटत नाही. मुलाला धास्ती असते ती विसरण्याची. बेडकाची गोष्ट आता सांगितली नाही तर ती डोक्यातून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. गोष्ट डोक्यात धरून ठेवता येत नाही, म्हणून मूल पुन्हा पुन्हा येतं. 'थांब' म्हणून ही धास्ती जात नाही, उलट वाढते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला, अर्धा तास खरंच मोकळा असेल त्या दिवसाचा. लॅपटॉप बंद करून चपलांच्या रॅकशेजारी जमिनीवर बसा. फोन खोलीत ठेवून या. आणि कृपा करून पहिला प्रश्न 'डबा संपवला का?' हा विचारू नका. तो विचारला की बातम्या बंद होतात आणि चौकशी सुरू होते. 'आज काय शिकवलं?' हाही तसलाच. काहीच विचारू नका, बुटाची नाडी सोडवत बसा. दहा मिनिटांत पोतं रिकामं होतं आणि मूल आपणहून उठून हात धुवायला जातं. त्यानंतरचा तास-दीड तास तुम्हाला कोणी हाक मारत नाही. ही दहा मिनिटं वाचवायला जाल तर संध्याकाळपर्यंत तुकड्यातुकड्यांनी चाळीस द्याल.

दुसरा, अर्धा तास अडवूनही मीटिंग पडलीच त्या दिवसाचा. फ्रिजच्या खालच्या बाजूला, मुलाचा हात पोचेल अशी एक छोटी पांढरी पाटी लावा आणि पेन दोरीने तिलाच बांधा. नाहीतर पेन दुसऱ्या दिवशी गायब. दार उघडायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, पाटीकडे बोट दाखवायचं. मुलाने जे जे सांगायचंय त्याचा एकेक शब्द तिथे लिहायचा, अख्खं वाक्य नको. लिहायला कंटाळा असेल तर चित्र चालेल. मध्यंतरी आमच्या पाटीवर एकाखाली एक असं होतं: बेडूक. खोडरबर. सही पाहिजे. बाई रडल्या.

आता यातलं पथ्य. मीटिंग संपली की चहा टाकायच्या आधी पाटीसमोर जायचं आणि वरपासून एकेक शब्द विचारायचा. ऐकून झालं की तो शब्द मुलाला खोडू द्यायचा. स्वतः पुसायचा नाही. 'हां, बेडूक कळला' म्हणून पुढे सरकायचं नाही. 'सही पाहिजे' एवढंच महत्त्वाचं वाटतं म्हणून तिथून सुरुवात करायची नाही. 'बाई रडल्या' खाली असतं, त्याला बसून ऐकायला वेळ लागतो. दोन-तीनदा पाटी न विचारता राहिली की मूल लिहिणं सोडतं आणि पुन्हा खोलीच्या दारात उभं राहतं. ही पाटी उसनवारीवर चालते. संध्याकाळी परतफेड झाली नाही तर दुसऱ्या दिवशी उधार मिळत नाही.

पाटीऐवजी 'जुन्या फोनवर रेकॉर्ड कर' असा सल्ला देणारे आहेत. ऐकू नका. हातात फोन दिला की रेकॉर्डिंग अर्धा मिनिट आणि व्हिडिओ पाऊण तास. टीव्ही किंवा टॅब किती वेळ द्यायचा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण या पंधरा मिनिटांत नको. पोटातलं बोलायच्या आधी मूल पडद्यात शिरलं की रात्री झोपताना सगळं बाहेर येतं, तेही रडत.

'बाबा घरी नाहीतच असं समज' हाही एक लोकप्रिय सल्ला. घरात बसलेला बाप नाही असं मुलाने समजायचं, हे ज्याने सुचवलं त्याच्या घरी मूल नसावं.

तातडीची खूण वेगळी ठेवा. रक्त आलं, ताप वाटतोय, पोट दुखतंय, बाहेर कोणी अनोळखी उभं आहे, जळल्याचा वास येतोय, तर पाटीबिटी काही नाही. सरळ आत यायचं आणि बाबाच्या खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात पडला की मी वाक्य अर्धं टाकून उठतो, मग समोर कोणीही असो. मुलीने अजून त्याचा गैरवापर केलेला नाही. केलाच तर त्या दिवशीही उठेन आणि मग बोलेन.

मीटिंगमधल्या लोकांना काय सांगायचं? 'मुलगी शाळेतून आली, दोन मिनिटांत येतो.' एवढंच. 'नेटवर्क गेलं' म्हणणारे लोक मला कळत नाहीत. मागून 'बाबाऽ, शू!' ऐकू आलेलं असतं सगळ्यांना. तुमचंच प्रेझेंटेशन असेल तर ती दोन मिनिटं कोण सांभाळणार ते सहकाऱ्याशी सकाळीच ठरवा.

६. खाऊ

हात पोचेल तिथे झाकणाचा डबा, त्यात लाडू, चिक्की किंवा चिवडा, शेजारी केळं. गॅस आणि मायक्रोवेव्ह एकट्याने नाही.

७. दार उघडलंच नाही तर

तुम्ही बाथरूममध्ये असाल, कोसळून झोपला असाल, काहीही. मुलाला क्रम पाठ हवा: बेल, शंभरपर्यंत आकडे, पुन्हा बेल, मग समोरच्या काकूंकडे. खाली जायचं नाही, गेटवर जायचं नाही, कोणाच्या गाडीत बसायचं नाही. काकूंकडे एक किल्ली असू द्या आणि त्या गावाला गेल्या तर दुसरं घर कोणतं तेही ठरलेलं हवं. दोन फोन नंबर तोंडपाठ.

हे नुसतं सांगून होत नाही, एका रविवारी करून बघा. मुलाला दप्तरासकट बाहेर उभं करा, आत मुद्दाम उघडू नका. आमची धाकटी पहिल्या वेळी सरळ जिन्यात बसून उरलेला डबा खायला लागली. ते कळलं म्हणून बरं.

८. शाळा लवकर सुटते ते दिवस

वरचं सगळं तीन दहाच्या बसवर बेतलेलं असतं आणि मुसळधार पावसात शाळा साडेबारालाच सोडून देतात. पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, पण तो ग्रुप शुभ सकाळच्या फुलांमुळे आपण कधीच म्यूट केलेला असतो. त्यामुळे तीन नंबर फोन सायलेंटवर असतानाही वाजतील असे लावून ठेवा: वर्गशिक्षिका, बसच्या मावशी, समोरच्या काकू. सहामाही-वार्षिक परीक्षेत बहुतेक शाळा अर्ध्या दिवसाच्या असतात, तेव्हा वेळापत्रक हातात पडलं की त्याच रात्री त्या तारखा ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाका. पावसाळाभर दाराशी एक जुना टॉवेल आणि रद्दी ठेवा, बूट त्यावरच काढायचे. आणि बसच्या मावशी बदलल्या की पहिल्याच दिवशी नवा नंबर घ्या, जुन्या नंबरवरून मिस्ड कॉल येणार नाही.