करडू माणसाळवायचं तर पहिल्या दिवसापासून

आमच्या भूम भागातल्या उस्मानाबादी शेळीला बहुधा जुळी होतात. व्यायली की आधी तिला करडं चाटू द्या, तासाभरात चीक पाजा. तोवर मध्ये हात घालू नका. मग मात्र रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं जमिनीवर बसा. उभ्या माणसाला करडू बुजतं. आपणहून जवळ आलं की मान, छाती खाजवा, खुरं हाताळा. पुढं खुरं कापताना, लस देताना झोंबाझोंबी होत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे चुकवू नका. गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत माझ्या दोन पाटी, म्हणजे मादी करडं, तशाच राहिल्या. आजही धरायला दोघं लागतात. त्यांना आता हातानं शेवरीचा पाला चारतेय, हळूहळू येतायत.

बोकडाचं कपाळ मात्र कधी रेटू नका, ढुशा मारायला शिकतो.