जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क बदलायची तयारी

स्क्रूड्रायव्हर नंतर. आधी कॉम्प्युटर चालू करून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात जा, तिथला फॉन्ट्स फोल्डर अख्खा पेनड्राइव्हवर घ्या. फोटो, हिशोब, पोरांचे मार्कलिस्ट सगळे आठवणीने घेतात, फॉन्ट मात्र हमखास मागे राहतात. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या मशीनवर मराठी मजकूर श्रीलिपी या सॉफ्टवेअरात आणि सरकारी कन्नड अर्ज नुडी या कन्नड सॉफ्टवेअरात टाइप केलेले असतात. त्यातलं बरंचसं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारं टायपिंग, नव्हे. फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण वाचता येत नाही. काकांनी टाइप करून ठेवलेलं वाटणीपत्र मी असंच उघडलं, तर आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस आणि टिंबं. जुनी डिस्क कपाटात जपून ठेवली होती म्हणून निभावलं. ती परत जोडली, फॉन्ट काढून घेतले. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायला मशीनला लावायची छोटी किल्ली, असेल तर तेही जपा.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर सगळं कॉपी करायच्या मागे लागू नका. जे पुन्हा मिळणार नाही तेवढं पहिल्यांदा उचला.

मग मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. जुन्या डिस्कपासून मदरबोर्डकडे तीन बोटं रुंद चपटी पट्टी गेली असेल तर ती आयडीई, म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत. अरुंद केबल आणि तिच्या टोकाला इंग्रजी एलसारखी खाच असेल तर साटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. मोबाइलवर फोटो काढा आणि तोच दुकानात दाखवा. बोर्डवर साटा असेल तर नवी डिस्क म्हणून एसएसडी (आत फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या; घेताना साटाची, अडीच इंची मागा. बोर्ड जुन्या, कमी वेगाच्या साटा-२ चा असला तरी ती चालते, वेग कमी मिळतो, तरी जुन्या डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. सोबत साडेतीन इंची खाचेत बसवायची पट्टी, साटा केबल, आणि पॉवर सप्लायला जुनेच चार पिनांचे कनेक्टर असतील तर कन्व्हर्टर घ्या. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. एका केबलसाठी परत जायला लागलं तर दिवस जातो.

जुनं विंडोज जसंच्या तसं न्यायचं, म्हणजे क्लोन करायचं, तर यूएसबी-साटा केबलही लागेल. तेव्हा बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) आयडीई-एएचसीआय ही डिस्क चालवायच्या पद्धतीची सेटिंग बदलू नका, नाहीतर विंडोज सुरूच होत नाही. नव्याने टाकणार असाल तर एएचसीआय आधीच करून घ्या. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, हेही धरून ठरवा.

क्लोनला काही तास लागतात. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीएसची बॅटरी अगोदर तपासा.

जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि फॉरमॅट करू नका. नवी सुरू झाली की घरातली सगळ्यात जुनी मराठी फाइल उघडा, एक पान प्रिंट काढा, आणि घरातल्या मोठ्यांकडून वाचून घ्या.