जुनी बॉक्सटर बघायला जाण्याआधी

बॉक्सटर ही पोर्शेची उघडत्या छताची दोन सीटची गाडी. तिची पहिली पिढी, कंपनीच्या सांकेतिक आकड्यात 986, ही 1996 साली आली आणि 2004 पर्यंत बनत राहिली. आज अमेरिकेत ती साध्यासुध्या वापरलेल्या कॅम्रीच्या किमतीत मिळून जाते. मुलं कॉलेजात गेली की न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींची नजर तिच्याकडे वळते. वळू द्या. फक्त एवढं लक्षात ठेवून निघा की या गाडीचं इंजिन दिसत नाही. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तरी डिकी. इंजिन मधे, सीटच्या पाठीमागे दडलेलं. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट ओतायची तोंडं तेवढी दिसतात. त्यामुळे सगळा अंदाज बांधायचा तो कागदांवरून, आवाजावरून आणि गळतीच्या डागांवरून.

म्हणून गाडीआधी कागद मागवा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, साफ हवं. त्यावर ‘सॅल्व्हेज’ (मोडीत निघालेली) किंवा ‘रीबिल्ट’ (मोडीतून पुन्हा उभी केलेली) असेल तर माझ्या मते पेट्रोल जाळून बघायलाही जाऊ नये. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, काचेखाली, दारावर आणि कागदावर एकच आहे ना, ते ताडून बघा. मग बिलं. त्यात शोधायचं ते आयएमएस बेअरिंगचं बिल. क्रँककडून कॅमशाफ्टकडे चाल पोचवणारा एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) या इंजिनात आहे आणि हे बेअरिंग त्याच्या टोकाशी बसतं. ते फुटलं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बाद होतं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं आणि ते जास्त टिकतं. 2000 च्या सुमारास एकेरी ओळीचं आलं, बदनाम आहे ते हेच. पण कुठल्या गाडीचं इंजिन मधेच बदललंय हे सांगता येत नाही, म्हणून नुसत्या सालावर विसंबू नका. बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे जाणकार मालक ते क्लचसोबतच बदलून घेतो आणि मागचं ऑइल सीलही त्याच वेळी. बिलावर तारीख, मैल आणि पार्टचं नाव हवं. ‘झालंय हो काम’ हे बिल नव्हे. आणि कमी रनिंगच्या गाडीला भुलू नका. वर्षानुवर्षं गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा रोज पळणारी आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी मी आधी घेईन.

मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर इंजिन गार आहे का, हात लावून बघा. थंड इंजिन सुरू होताना धुराचा एखादा झोत आला तर घाबरायचं कारण नाही. याचे सिलिंडर आडवे असतात, तिथे साचलेलं थोडं ऑइल जळतं. पांढऱ्या धुराचे लोट थांबेचनात, तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलाय असं समजा. टकटक आवाज काही सेकंदांत बसायला हवा. गरम झाल्यावरही एका बाजूने ठोके ऐकू येत असतील तर सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे असू शकतात, अशी गाडी सोडून द्या. मागच्या डिकीतला गालिचा उचलून ओल बघा. तिथली कूलंटची प्लॅस्टिक टाकी वयपरत्वे तडकते. पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मारा. आत वाळक्या पाल्याचा खच असतो, त्यात ओल धरून रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर कुजतात.

छत दोनदा उघडा, दोनदा मिटवा. मागची खिडकी 2002 पर्यंत प्लॅस्टिकची होती, ती पिवळी पडते, घडीवर चिरते. 2003 पासून काच आली. छताचं पाणी वाहून जायच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी सीटखाली उतरतं आणि नेमकं तिथेच इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, युनिट बसवलंय. (हे कुणाला सुचलं असेल, देव जाणे.) तेव्हा संकोच न करता ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून गालिचा दाबून बघा.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, गंजाची फार धास्ती नको. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे सायलेन्सरचे बोल्ट मात्र बघा.

एवढं जमलं की गाडी पोर्शेचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजात लिफ्टवर चढवा. गॅरेज तुम्ही निवडायचं, पैसेही तुम्हीच द्यायचे. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूची चकाकी आहे का बघायला सांगा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याशी ओल आहे का, तेही. 2000 नंतरच्या गाडीत कॉम्प्युटरवरून इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरवलंय तेही निघतं. मालक तपासणीला नाही म्हणाला तर चहा घेऊन परत या. होकार मिळाला तर त्याच दिवशी विम्याचा भाव विचारून घ्या आणि किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी काढा. तेवढी उरत नसेल तर मालकाला किंमत खाली आणायला सांगा. बेअरिंगचं बिल नसेल तर तुमच्याकडे मुद्दा तयारच आहे.