फ्रेममधलं जुनं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट प्रिंट: किंमत विचारायच्या आधी फ्रेम उघडा

दादरला आत्याचं घर रिकामं करताना हॉलमधली एक फ्रेम सगळ्यांनी भंगारात काढली होती. लाल-पिवळे गोळे, मधून वळत गेलेली जाड काळी रेघ, काकांनी पॅरिसहून आणलेलं म्हणे. मी ती घरी आणली आणि उघडली. तेव्हापासून कोणी विचारलं की आमच्याकडे पण असलं एक आहे, किती येतील, तर मी आधी एवढंच सांगते की फ्रेम उघडा, काचेतून काहीच कळत नाही.

पलंगावर स्वच्छ चादर टाका, फ्रेम पालथी ठेवा, पकडीने बारीक खिळे काढा आणि हार्डबोर्ड अलगद उचला. मागे गॅलरीचं किंवा फ्रेमवाल्याचं जुनं लेबल असेल तर आधी त्याचा फोटो. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा, ओढू नका, ते काम पेपर कॉन्झर्वेटरचं, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाचं.

आमच्या प्रिंटला मधोमध उभी घडी होती. आधी वाईट वाटलं, पण खरं उत्तर त्या घडीतच होतं. पॅरिसच्या माग गॅलरीचं 'देरिएर ल मिरवार' नावाचं प्रकाशन १९४६ ते १९८२ चाललं, त्यात मिरो, कॅल्डर वगैरे चित्रकारांचे लिथोग्राफ (दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून त्यावरून छापलेली प्रिंट्स) असायचे, पान साधारण ३८ बाय २८ सेंटिमीटर आणि मोठं चित्र दोन पानांवर, म्हणून घडी. लोक पानं सुटी करून फ्रेम करायचे. मागे फ्रेंच मजकूर छापलेला सापडला तर शंका बरीच मिटते. म्हणजे अस्सल लिथोग्राफ, पण बिनसहीचा, आणि त्याच चित्राची सही-नंबरवाली वेगळी आवृत्ती असेल तर तिचा भाव कितीतरी पट जास्त.

आता भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलांच्या नक्षीसारखे शिस्तीत बसलेले दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली नेहमीची यंत्रावरची छपाई, बहुतेक पोस्टर किंवा पुस्तकातलं पान. लिथोग्राफमध्ये रंग सलग असतो नाहीतर रव्यासारखा कमीजास्त विखुरलेला. सिल्कस्क्रीनचा, म्हणजे जाळीतून दाबून छापलेला, रंग कागदावर थरासारखा बसतो. एचिंगला, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने कोरून छापलेल्या चित्राला, चित्राभोवती प्लेट दाबल्याची खोलगट कड असते, बोटाने नको, बाजूने टॉर्च मारून बघा. आपल्याकडचे प्रिंट बनवणारे चित्रकार कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसच्या आतल्ये १७ या छपाईच्या स्टुडिओत सहकाऱ्यांबरोबर एकाच प्लेटवर कमीजास्त चिकट शाई वापरून अनेक रंग एकदम छापायचं तंत्र विकसित केलं, त्या प्रिंट्सवर टॉर्च आडवा धरला की कागद चक्क उंचसखल दिसतो, बघत बसावंसं वाटतं!

सही चित्राबरोबरच छापलेली असली तर तिला वेगळी किंमत नाही. पेन्सिलची सही तिरक्या उजेडात चमकते. डावीकडे २५/१०० असं काही असेल तर शंभरातली पंचविसावी प्रत, ई.ए. म्हणजे चित्रकाराची स्वतःची प्रत. कागद उजेडासमोर धरून आर्श किंवा रीव्ह असा कागद बनवणाऱ्याचा वॉटरमार्क दिसतो का तेही बघा.

मग अवस्था, आणि इथे आपल्याकडचा पावसाळा खूप नुकसान करतो. तपकिरी ठिपके, कसरीने खाल्लेल्या कडा, स्वस्त माउंटमुळे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यामुळे) चौफेर उमटलेली पिवळी रेघ, खिडकीसमोर टांगल्याने उडालेला लाल, हे सगळं मापासकट लिहून ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे कापलेला समास आणि बोर्डवर गोंदाने पक्कं चिकटवलेलं प्रिंट. माझ्या दुसऱ्या एका प्रिंटचा समास फ्रेमवाल्याने फ्रेममध्ये बसावं म्हणून कापून टाकला, त्यातच नंबर होता, अजून जीव हळहळतो.

भाव बघताना मागितलेली किंमत धरू नका, लिलावात खरंच विकलं गेलेलं बघा, तीच आवृत्ती, तोच आकार, तशीच अवस्था. तो आकडा खरेदीदाराच्या प्रीमियमसकट (बोलीवर लिलाववाले खरेदीदाराकडून घेतात ती जादा रक्कम) आहे की त्याशिवाय हेही तपासा, विकणाऱ्याच्या हातात तर कमिशन जाऊन त्याहून कमी पडतं. इन्शुरन्ससाठीची किंमत मात्र तसंच दुसरं दुकानातून आणायला किती लागतील याची असते, म्हणून ती जास्त, दोन्हींची गल्लत करू नका. लिलाववाल्यांना ईमेल करताना समोरून, मागून, सहीचा जवळून आणि डागांचा असे चारही फोटो पाठवा, काच काढूनच, आणि उत्तर येईपर्यंत त्या जुन्या फ्रेममध्ये परत बंद करू नका, अ‍ॅसिड-फ्री कागदात सपाट ठेवा.